वसंतातला पहिला चॅरिटी वॉक: तीनशे माणसांच्या कार्यक्रमाची पायरीपायरीने आखणी

चॅरिटी वॉक संपतो, मंडप उतरतो आणि मग एकच आकडा उरतो: सगळा खर्च वजा जाता ज्यांच्यासाठी चाललो त्यांच्यापर्यंत किती पैसे पोचले. पहिल्यांदा असा कार्यक्रम भरवणारी मंडळी गर्दी, बॅनर आणि टी-शर्ट यांत इतकी गुंततात की हा आकडा त्यांना शेवटच्या आठवड्यात आठवतो. तोवर खर्चाचे बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात. म्हणून इथली आखणी त्या आकड्यापासून मागे मागे येत केली आहे.

समोर धरलेला कार्यक्रम असा आहे: उपनगरातलं एक मैदान, तिथून निघून तिथेच परत येणारी 5 किलोमीटरची चाल, सुमारे 300 माणसं, सोबत जुन्या वस्तूंची विक्री आणि आठ-दहा स्टॉल. सकाळचे चार तास. तयारीला 12 आठवडे हाताशी हवेत. आठ आठवड्यांतही जमतं, पण मग परवानग्यांच्या मागे धावण्यात अर्धा जीव जातो.

बारा आठवडे आधी: काम कोणतं आणि पैसा कुणाच्या खात्यात

"गरजूंना मदत" असं फलकावर लिहिलं तर कुणाचा हात खिशाकडे जात नाही. गरज मोजता येईल अशी मांडा: वाचनालयासाठी व्हीलचेअरचा उतार, दवाखान्यासाठी एक यंत्र, अमुक इतक्या मुलांची वर्षभराची पुस्तकं. रक्कमही माणसाच्या आवाक्यातली वाटली पाहिजे. टेरी फॉक्स हा तरुण 1980 मध्ये कृत्रिम पायाने कॅनडा ओलांडायला निघाला, तेव्हा त्याने कर्करोग संशोधनासाठी प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर मागितला होता. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावून त्याला आजारामुळे थांबावं लागलं, पण फेब्रुवारी 1981 पर्यंत निधी 2 कोटी 41 लाख डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतका. एकूण आकडा प्रचंड होता, पण मागणं मात्र प्रत्येकाला समजेल एवढंच होतं. तुमचंही लक्ष्य असंच फोडून सांगा: "एका माणसाचं शुल्क म्हणजे एका मुलाच्या दोन वह्या आणि एक पुस्तक."

ज्या संस्थेसाठी निधी गोळा करायचा तिच्याशी पहिल्याच आठवड्यात बसून चार गोष्टी कागदावर आणा. तिचं नाव आणि बोधचिन्ह वापरायची परवानगी. पैसा थेट तिच्या खात्यात जाणार की आधी आयोजकांच्या. देणगीची पावती कोण देणार. आणि लक्ष्यापेक्षा जास्त किंवा कमी जमले तर त्याचं काय करायचं. शेवटचा मुद्दा नेहमी राहून जातो. यंत्रासाठी म्हणून मागितलेला पैसा यंत्राला पुरला नाही, तर तो संस्थेच्या इतर कामाला वापरता येईल की नाही, हे देणाऱ्याला आधी सांगितलेलं असलं पाहिजे. नोंदणीच्या पानावर एका ओळीत लिहा, एवढं पुरतं.

कुणाही एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात एक पैसाही येऊ देऊ नका, तो माणूस कितीही सचोटीचा असला तरी. त्याच्या घरखर्चात आणि देणग्यांत गुंता होतो, कराचा प्रश्न त्याच्या गळ्यात पडतो आणि हिशेब विचारला की तो दुखावतो. संस्थेचं खातं वापरता येत नसेल तर दोन सह्यांचं वेगळं खातं उघडा. बँकेला त्यासाठी काही आठवडे लागू शकतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

तारीख ठरवताना

उत्तर गोलार्धात मार्च ते मे, दक्षिणेत सप्टेंबर ते नोव्हेंबर. वसंत अशा कार्यक्रमांना मानवतो, कारण लोकांना बाहेर पडायचंच असतं. पण हाच मोसम दगाही देतो. सकाळी मैदान दवाने ओलं असतं, दहानंतर ऊन चढतं, मध्येच सर येते आणि वारा सुटला तर थांबत नाही. काही देशांत याच दिवसांत घड्याळं तासभर पुढे करतात. त्या रविवारी कार्यक्रम ठेवला तर निम्मे लोक उशिरा येतात. फुलोऱ्याच्या दिवसांत परागकणांनी ज्यांना धाप लागते त्यांनी इनहेलर जवळ ठेवावा, ही सूचना नोंदणीच्या संदेशात घाला.

तारीख पक्की करण्याआधी शाळांचं परीक्षांचं वेळापत्रक, सणांच्या आणि लांब सुट्ट्यांच्या तारखा आणि त्याच मैदानावरचे किंवा त्याच रस्त्यावरचे इतर कार्यक्रम तपासा. एकाच शनिवारी जवळपास दुसरा निधी-कार्यक्रम असेल तर माणसं वाटली जातात, स्वयंसेवक वाटले जातात आणि प्रायोजक दोघांनाही नकार देतात. पावसासाठी राखीव तारीख ठेवायची की पाऊस आला तरी चालायचं, तेही आत्ताच ठरवा. आमचं मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकतं. राखीव तारखेला मैदान, ध्वनियंत्रणा, प्रथमोपचार पथक आणि स्वयंसेवक असं सगळं पुन्हा जुळणं दुर्मीळ असतं. विजा किंवा वादळ असेल तर मात्र रद्दच. तो निर्णय कोण घेणार आणि किती वाजता, हे एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.

परवानग्या

प्रत्येक शहराचे नियम वेगळे असतात, म्हणून स्थानिक कार्यालयात जाऊन पुढचे प्रश्न विचारा: मैदान वापरण्यासाठी काय लागतं, रस्ता किंवा पदपथ वापरायला पोलिसांची वा वाहतूक विभागाची संमती लागते का, ध्वनिक्षेपक किती वाजल्यापासून लावता येतो, खाद्यपदार्थ विकायला परवाना लागतो का, सार्वजनिक ठिकाणी देणग्या गोळा करायला वेगळी परवानगी लागते का, आणि विमा किती रकमेचा हवा. लकी ड्रॉबद्दल वेगळं विचारा. तिकीट विकून सोडत काढणं हे अनेक ठिकाणी कायद्याने लॉटरीत मोडतं आणि चांगल्या कामासाठी असलं तरी सूट मिळतेच असं नाही. परवानगी मिळत नसेल तर सोडत सरळ वगळा.

तोंडी होकारावर विसंबू नका. मिळालेल्या प्रत्येक परवानगीची छापील प्रत त्या दिवशी एका फाइलमध्ये मैदानावर असू द्या.

दहा आठवडे आधी: खर्चाचं गणित

इथे जरा सावकाश जायला हवं, कारण शेवटचा आकडा इथेच ठरतो.

खर्च दोन जातींचे. काही माणसं किती आली यावर अवलंबून नसतात: मैदानाचं भाडं, विमा, ध्वनियंत्रणा, फिरती शौचालयं, प्रथमोपचार पथक. काही माणसामागे वाढतात: छातीवरचा नंबर, पाणी, पदक, टी-शर्ट. समजा प्रवेशशुल्क 100 आहे (चलन कोणतंही धरा) आणि माणसामागचा खर्च 35. हातात 65 उरतात. न बदलणारे खर्च 13,000 असतील तर 13,000 भागिले 65, म्हणजे पहिली 200 माणसं फक्त खर्च भरून काढण्यासाठी चालतात. तीनशे माणसांपैकी शंभरांचेच पैसे कामाला लागतात: 6,500. एकूण जमा 30,000 आणि पोचले 6,500. देणाऱ्यांना हे कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल, आणि ते वाटणं चूक म्हणता येणार नाही.

आता तेच गणित फिरवा. ध्वनियंत्रणा, मंडप आणि प्रथमोपचार पथक वस्तुरूपाने कुणी दिलं आणि न बदलणारा खर्च 6,500 वर आला. पदक काढून टाकलं आणि माणसामागचा खर्च 15 झाला. आता हातात 85 उरतात. 77 माणसांत खर्च निघतो आणि 300 माणसांमागे 19,000 पोचतात. गर्दी तेवढीच, शुल्क तेवढंच, मदत जवळपास तिप्पट.

म्हणून प्रायोजकाकडे जाताना "देणगी द्या" असं मोघम सांगू नका, यादीतली एक ओळ पुढे करा: "शौचालयांचा खर्च तुम्ही उचला." असा नेमका खर्च उचलायला दुकानदार आणि छोटे व्यावसायिक लवकर तयार होतात, आणि मग फलकावर खरेपणाने लिहिता येतं की प्रवेशशुल्कातला अमुक इतका भाग थेट कामाला जातो. "शंभर टक्के" असं मात्र तेव्हाच लिहा जेव्हा एकूण एक खर्च प्रायोजकांनी भरलेला असेल.

टी-शर्टबद्दल स्पष्ट सांगायचं तर पहिल्या वर्षी नकोच. मापं आधी मागवावी लागतात, लहान मापं उरतात, मोठी संपतात, आणि उरलेले खोके कुणाच्या तरी घरी पडून राहतात. हवेच असतील तर वेगळ्या किमतीला आगाऊ मागणी घ्या आणि चार आठवडे आधी मागणी बंद करा. छापलेल्या टी-शर्टवर वर्ष घालू नका.

किलोमीटरमागे देणगीचं वचन घेण्याची पद्धत मुलांना फार आवडते, "मी एक किलोमीटर चाललो की काका दहा देणार." अडचण वसुलीची. चाल झाल्यावर दोन आठवड्यांत हातात न आलेलं वचन सहसा येतच नाही. ठरावीक रक्कम आधीच भरून घ्या. वचनाचा कागद ठेवलाच तर त्यावर शेवटची तारीख ठळक छापा.

मार्ग

मार्ग आखताना आधी ओलांडायचे रस्ते मोजा. प्रत्येक ओलांडणीला दोन माणसं आणि परवानगीची एक कटकट वाढते. बागेतले रस्ते, नदी-तलावाकाठच्या वाटा आणि रुंद पदपथ जोडून 2.5 किलोमीटरचं एक वर्तुळ मिळालं तर ते दोनदा घाला: पाण्याची जागा एकच लागते, फलक निम्मे लागतात आणि दमलेल्या माणसाला अर्ध्यावर सन्मानाने थांबता येतं. व्हीलचेअर आणि बाबागाडी पूर्ण मार्गावरून एकदा प्रत्यक्ष ढकलून पाहा. नकाशात सपाट दिसणाऱ्या वाटेवर तीन पायऱ्या आणि एक अरुंद फाटक हमखास निघतं.

अंतर मोजायला मोजचाक वापरा. झाडांखाली आणि उंच इमारतींजवळ मोबाइलचं जीपीएस भरकटतं. अधिकृत स्पर्धांमध्ये मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. चालीत एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही, पण 5 किलोमीटर म्हणून 4.6 भरले तर नियमित पळणारे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहणार नाहीत.

बाणाचे फलक कमरेच्या वर लावा, गर्दीत खालचे दिसत नाहीत. प्रत्येक वळणावर तीन बाण: वळणाच्या 20 मीटर आधी, वळणावर, आणि वळल्यावर लगेच. तिसरा बाण बहुतेक आयोजक विसरतात. आपण बरोबर वाटेवर आहोत हे चालणाऱ्याला त्यावरूनच कळतं.

पाण्याचा हिशेब: मध्यावर माणशी 200 मिलिलिटर धरा, म्हणजे 60 लिटर, शेवटी माणशी अर्धा लिटर, म्हणजे 150. एकूण 210. ऊन, सांडलवंड आणि स्वयंसेवक यांसाठी पाव हिस्सा वाढवला की 260च्या आसपास जातो. वीस लिटरचे 14 कॅन मागवा. पेले कमी करायचे असतील तर लोकांना स्वतःची बाटली आणायला सांगा. मग एका टेबलावर निदान चार नळ हवेत, कारण बाटली भरायला पेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

चार तासांसाठी निदान पाच शौचालयं, त्यांतलं एक व्हीलचेअर आत जाईल असं. सगळ्यांत मोठी रांग सुरुवातीच्या आधीच्या अर्ध्या तासात लागते.

नोंदणीची रांग का लागते

आधी नाव नोंदवलेल्या माणसाला नंबर द्यायला अर्धा मिनिट लागतो. जागेवर नोंदणी करायची तर अर्ज, पैसे, सुटे आणि पावती मिळून दोन मिनिटं. आता 200 जण नोंदवून आले आणि 100 जण जागेवर नोंदवायला आले, तर काम झालं 100 अधिक 200, म्हणजे 300 मिनिटांचं. माणसं येतात ती शेवटच्या पाऊण तासात. 300 भागिले 45: सात टेबलं लागतील. तुमच्याकडे तीन आहेत. उशिरा सुरू होणाऱ्या प्रत्येक वॉकमागे हे एवढंच गणित असतं.

उपाय दोन. पहिला, नोंदणी तीन दिवस आधी बंद करा, आणि जागेवर येणाऱ्यांसाठी एक वेगळं टेबल दूर ठेवा, थोडं जास्त शुल्क आकारून. दुसरा, आदल्या दिवशी संध्याकाळी दोन तास नंबर वाटप ठेवा. सगळे 300 आधी नोंदवलेले असतील तर चार टेबलांत काम भागतं.

पाकिटं नंबरच्या क्रमाने लावू नका. लोकांना स्वतःचा नंबर आठवत नाही, नाव आठवतं. आद्याक्षराने लावा आणि टेबलामागे, डोक्याच्या वर, मोठी अक्षरं टांगा; टेबलावर चिकटवलेलं अक्षर पहिल्या माणसाच्या पोटाआड जातं. पाकिटात नंबर आणि चार सेफ्टी पिना. तीनशे पाकिटांना 1,200 पिना लागतात, 1,400 घ्या. नंबरच्या मागच्या बाजूला नाव, आणीबाणीत कुणाला फोन करायचा तो क्रमांक आणि औषधांची ॲलर्जी असल्यास ती लिहायला सांगा. पेनं भरपूर ठेवा, ती नाहीशी होतात.

स्टॉल आणि जुन्या वस्तू

जुन्या वस्तूंची विक्री जवळजवळ बिनखर्चाची असते, म्हणून तिचा पैसा जवळपास पूर्ण पोचतो. वस्तू दोन आठवडे आधी, दोन ठरावीक दिवशीच स्वीकारा. नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर रात्री-अपरात्री पोती येऊन पडतात. काय घेणार नाही याची यादी आधी जाहीर करा: गाद्या, मोटारीतल्या मुलांच्या सीट आणि हेल्मेट (एकदा आपटलेली वस्तू वरून धडधाकट दिसते, पण भरवशाची राहत नाही), तपासणी न झालेली विजेची उपकरणं, औषधं, भाग हरवलेले खेळ.

किमती तीनच ठेवा आणि प्रत्येकीला एका रंगाचं लेबल. दर वस्तूला वेगळी किंमत ठेवली की घासाघीस वाढते, सुटे संपतात आणि शेवटी ताळा जुळत नाही. शेवटच्या तासात सगळं अर्ध्या किमतीला. उरलेल्या वस्तू कोण, कधी, कुठे नेणार हे कार्यक्रमाआधी ठरलेलं हवं, गाडीसकट.

घरचे पदार्थ विकणार असाल तर प्रत्येक थाळीसमोर घटकांची यादी असू द्या. सुकामेवा, दूध, अंडी, गहू, तीळ आणि सोयाबीन ठळक. गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर, थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त राहिलेला नाशवंत पदार्थ विकू नका. वसंतातल्या उन्हात क्रीम घातलेले पदार्थ टाळणंच बरं.

आणि कॅनोपी, म्हणजे स्टॉलवरचं कापडी छत. तीन मीटर बाय तीन मीटरची घडीची कॅनोपी वाऱ्यात पतंगासारखी उडते, आणि तिचे पाय लोखंडी असतात. प्रत्येक पायाला निदान 18 ते 20 किलो वजन बांधा. पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन म्हणजे बरोबर वीस किलो. पायाच्या वरच्या सांध्यापासून दोरी ताणून खाली कॅनच्या मुठीत बांधा. कॅन नुसता पायाशी टेकवून ठेवला तर वारा कॅनोपी वर उचलतो आणि कॅन जागच्या जागी राहतो. पिण्याच्या पाण्याचे कॅन या कामाला घेऊ नका, अकरा वाजता कुणीतरी ते सोडून नेतंच. वाऱ्याने कापडाचे कोपरे सतत फडफडायला लागले तर वरचं कापड उतरवा, वस्तू उघड्यावर राहिल्या तरी चालतील.

रोकड, क्यूआर आणि गल्ला

पैसा चोरीपेक्षा ढिलाईने जास्त जातो. कुणी गल्ल्यातून टेपचे पैसे देतं, कुणी पाण्यासाठी दोन नोटा काढतं, चिठ्ठी कुणीच ठेवत नाही, आणि संध्याकाळी हिशेब जुळत नाही. मग प्रामाणिक माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. त्यावर नियम एकच: गल्ल्यातून कोणताही खर्च करायचा नाही. किरकोळ खर्चासाठी वेगळं पाकीट, वेगळा माणूस, दर खर्चाची चिठ्ठी.

प्रत्येक स्टॉलला सुरुवातीला मोजलेले सुटे द्या आणि देताना दोघांच्या सह्या घ्या. ही रक्कम संध्याकाळी जमेतून वजा करायची असते. ती वजा करायला विसरल्यामुळे जमा फुगलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी बँकेतला आकडा सगळ्यांना धक्का देतो. सुट्यांत छोट्या नोटा आणि नाणी जास्त हवीत. बँकेतून ती चार दिवस आधी आणून ठेवा.

देणगीपेट्या बंद, सील केलेल्या आणि क्रमांक टाकलेल्या असाव्यात. कोणती पेटी कुणाला दिली, किती वाजता दिली, किती वाजता परत आली, हे एका वहीत. पावतीपुस्तकांचंही तेच: पुस्तक देताना पहिला-शेवटचा क्रमांक लिहा, परत घेताना स्थळप्रती मोजा. रद्द झालेली पावती फाडून टाकू नका, काट मारून पुस्तकातच ठेवा.

मोजणी बंद खोलीत, दोघांनी, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या करा. एकाने मोजायच्या, दुसऱ्याने पुन्हा मोजायच्या, आकडे जुळले तरच कागदावर लिहायचे आणि दोघांनी सही करायची. पेटीगणिक वेगळा कागद. सगळ्या पेट्या एकत्र ओतून मोजल्या की चूक कुठे झाली ते कधीच सापडत नाही. कार्यक्रम चालू असताना दर तासाला जास्तीची रोकड गल्ल्यातून काढून आत न्या, आणि नेणारे दोघे असू द्या. बँकेत भरणा पुढच्याच कामाच्या दिवशी.

क्यूआरबद्दल. कोडचा आकार वाचायच्या अंतराच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवा: एक मीटरवरून वाचायचा तर 10 सेंटिमीटर, तीन मीटरवरून वाचायचा तर 30. चकचकीत लॅमिनेशनवर ऊन पडलं की तो वाचलाच जात नाही. मॅट कागद घ्या किंवा सावलीत लावा. कोडखाली खात्याचं नाव छापा, म्हणजे पैसे भरणाऱ्याला पडद्यावरचं नाव पडताळता येतं. तासातासाला एकाने फिरून प्रत्येक कोड स्वतः स्कॅन करून पाहावा, कारण मूळ कोडवर दुसऱ्याच खात्याचा कोड चिकटवून जाणारे असतात. समोरच्याच्या मोबाइलवरचं चित्र म्हणजे पैसे आल्याचा पुरावा नव्हे. आपल्या खात्याची सूचना ज्या फोनवर येते तो फोन नोंदणीच्या टेबलाशी ठेवा. शेकडो माणसं एका मैदानावर जमली की नेटवर्क मंदावतं, म्हणून रोख रकमेची सोय ठेवावीच लागते.

स्वयंसेवक

साधारण 35 माणसं लागतात. नोंदणीला चार-पाच, मार्गावर दहा-बारा, पाण्याला चार, गाड्या लावायला चार, शेवटच्या रेषेवर तीन, पैशाला तीन, कचऱ्याला तीन, आणि दोन मोकळी. दहातला एक तरी ऐनवेळी येत नाही, हे धरूनच यादी करा. प्रत्येकाला एका कागदावर फक्त चार गोष्टी द्या: कुठे उभं राहायचं, किती ते किती, काय करायचं, अडचण आली तर कुणाला फोन करायचा. सगळ्यांना सगळी योजना पाठवली की कुणीच काही वाचत नाही. मार्गावरच्यांना पाणी, टोपी आणि मध्ये सुटका देणारा बदली माणूस हवा. एकटं मूल सापडलं तर त्याला कुठे न्यायचं आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचं नाव पुकारायचं नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवा. लहान मुलांचे फोटो छापायचे तर पालकांची लेखी संमती घ्या.

त्या दिवशी

सहा वाजता मैदान उघडतं. साडेसहाला एकजण सायकलवरून पूर्ण मार्ग फिरतो. रात्रीतून बाण फिरवलेले किंवा पडलेले असतातच, तो ते सरळ करतो. सव्वासातला स्वयंसेवकांना पाच मिनिटांत सूचना, साडेसातला नोंदणी. सव्वाआठला ध्वनिक्षेपकावरून मार्ग, पाण्याची जागा, प्रथमोपचार तंबू आणि हा पैसा कशासाठी आहे ते सांगा. भाषणं ठेवायचीच असतील तर मिळून पाच मिनिटं. मुलांच्या पायांत तोवर चाल शिरलेली असते.

साडेआठला सुरुवात. पळणारे पुढे, मग चालणारे, मग बाबागाड्या. उलटं झालं तर पहिल्या शंभर मीटरवरच कुणीतरी पडतं. तीन मीटर रुंदीच्या कमानीतून 300 माणसं बाहेर पडायला दीड-दोन मिनिटं लागतात. पळणारे 25 मिनिटांच्या आत परत येतात, म्हणून शेवटची रेषा आणि तिथलं पाणी पावणेनऊलाच तयार हवं. संथ चालणारे तासाला तीन किलोमीटर या वेगाने 100 मिनिटं घेतात, म्हणजे शेवटचा माणूस दहा वाजून दहा मिनिटांनी येतो. त्याच्यामागे ठळक रंगाचं जाकीट घातलेला एक स्वयंसेवक शेवटपर्यंत चालतो. तो पुढे गेल्याशिवाय मार्गावरच्या कुणीही जागा सोडायची नाही आणि मध्यावरचं पाणी आवरायचं नाही. शेवटी येणाऱ्या आजींना टाळ्या आणि पाणी पहिल्यासारखंच मिळालं पाहिजे. बहुतेकदा हा निधी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या घरची माणसं त्याच शेवटच्या रांगेत चालत असतात.

साडेदहाला आभार, अकराला सोडत किंवा लिलावाचा निकाल, साडेअकराला स्टॉल बंद. एकूण रक्कम मंचावरून जाहीर करायचा मोह होतो. मोजणी पूर्ण झाली नसेल तर आकडा सांगू नका. नंतर तो कमी निघाला की खुलासे देत बसावं लागतं. कधी आणि कुठे जाहीर होईल तेवढं सांगा. मग मैदान झाडून, बाण काढून, दोरीचे तुकडे वेचून एक वाजता ताब्यात द्या. जाताना मैदानाचे फोटो काढून ठेवा, अनामत परत मागताना लागतात.

नंतरचे तीन आठवडे

दोन दिवसांत प्रायोजकांना आणि स्वयंसेवकांना नावानिशी आभार. दहा दिवसांत राहिलेली वचनं आणि बिलं. तीन आठवड्यांत हिशेब एका पानावर, सगळ्यांना दिसेल असा: शुल्काची जमा, देणग्या, स्टॉलची विक्री, प्रत्येक खर्च वेगळ्या ओळीत, वस्तुरूपाने मिळालेली मदत वेगळी, आणि तळाला संस्थेच्या खात्यात कोणत्या तारखेला किती भरले. खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला असेल तर तोही तसाच दाखवा आणि कारण लिहा. यंत्र आलं किंवा उतार बांधून झाला की त्याचा एक फोटो त्याच यादीवर पाठवा, सहा महिन्यांनी का होईना.

बाण, आद्याक्षरांच्या पाट्या आणि उरलेल्या पिना एका खोक्यात भरा. खोक्यावर बाहेरून आत काय किती आहे ते लिहा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्गाचा नकाशा चिकटवा, कुठल्या खांबाला कोणता बाण बांधला होता त्या खुणांसकट.